टीएमसी, क्युसेक, दलघमी: धरणाच्या पाण्याच्या मापांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै उजाडला की कृष्णाकाठच्या आमच्या गावात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोयनेतनं किती सोडलंय?" आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण त्या आकड्यामागचं माप फार थोड्यांना ठाऊक असतं. फोनवर आणि पारावर मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. गणित, शेततळ्यातलं एक वर्गमूळ सोडलं तर, गुणाकार-भागाकाराच्या वर जात नाही.

टीएमसी म्हणजे नेमकं किती पाणी?

टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट. दशलक्ष म्हणजे दहा लाख, त्यामुळे एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. यालाच काही वर्तमानपत्रं 'अब्ज घनफूट' म्हणतात.

एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा खोक्यात २८.३१७ लिटर पाणी मावतं. घरातल्या दोन मोठ्या बादल्या समजा. असे शंभर कोटी खोके भरले की एक टीएमसी. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३२ कोटी लिटर. दुष्काळात गावात येणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर एका टीएमसीत असे २८ लाखांहून जास्त टँकर भरतील.

कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चार धरणं (खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर) मिळून २९.१५ टीएमसी. नुसत्या खडकवासल्यात दोन टीएमसीसुद्धा मावत नाहीत, म्हणून थोडा पाऊस झाला तरी ते भरतं आणि मुठेत पाणी सोडावं लागतं. पानशेत-वरसगाव मात्र त्या वेळी अर्धीमुर्धी असू शकतात. 'खडकवासला भरलं' या बातमीने पुणेकरांनी निश्चिंत होऊ नये ते यासाठीच.

क्युसेक आणि टीएमसी यांत फरक काय? बातमीत दोन्ही असतात.

टीएमसी हे साठ्याचं माप आणि क्युसेक हे वाहत्या पाण्याचं. रांजणात किती पाणी आहे ते टीएमसी सांगतं, तोटी किती जोरात सुटली आहे ते क्युसेक. 'धरणात ४० हजार क्युसेक पाणी आहे' हे वाक्य म्हणूनच चूक ठरतं, आणि ते दर पावसाळ्यात कुठे ना कुठे वाचायला मिळतं.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. मिनिटाला १,७०० लिटर, तासाला एक लाख दोन हजार, आणि दिवसरात्र चाललं तर साडेचोवीस लाख लिटरला थोडं कमी.

राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांवरून हे चांगलं समजतं. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते दरवाजे आपले आपण उघडतात. असे सात दरवाजे आहेत आणि एकेकातून १,४२८ क्युसेक पाणी पडतं. म्हणजे एका दरवाजातून दर सेकंदाला ४० हजार लिटर. तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत दहा हजारी चार टँकर रिते झाले. सातही उघडले की जवळजवळ दहा हजार क्युसेक. कोल्हापूरकरांना 'सहावा उघडला, सातवा उघडला' हे शब्द ऐकताच का धडकी भरते, ते या हिशेबात दिसतं.

क्युसेकवरून टीएमसी कसं काढायचं? आत्ता २० हजार क्युसेकने आवक आहे, तर दिवसात धरण किती भरेल?

११,५७४ हा एक आकडा लक्षात ठेवा. इतके क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की बरोबर एक टीएमसी होतं. कारण साधं आहे. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, आणि ११,५७४ ला त्याने गुणलं की शंभर कोटी येतात.

तेव्हा क्युसेकच्या आकड्याला ११,५७४ ने भागा. उत्तर टीएमसीत मिळेल. तोंडी करायचं असेल तर हजारांच्या आकड्याला साडेअकराने भागा. २० हजार क्युसेक म्हणजे २० भागिले ११.५, साधारण पावणेदोन टीएमसी दिवसाला.

पण यात आवकेतून जावक वजा करायला विसरू नका. समजा, कोयनेत ८० टीएमसी साठा आहे. आवक ५० हजार क्युसेक, विसर्ग ३० हजार. साठ्यात भर पडते ती फरकाची, २० हजारांची. दिवसाला १.७३ टीएमसी. भरायला उरलेत २५.२५ टीएमसी. हाच वेग टिकला तर साधारण पंधरा दिवस. आमच्याकडे लोक नुसती आवक बघून 'तीन दिवसांत धरण फुल्ल' असं सांगत सुटतात. त्या भीतीपायी धान्याची पोती उगाच माडीवर चढतात आणि परत उतरतात. उलट रात्रीत आवक लाखावर गेली तर पंधरा दिवसांचा हिशेबही टिकत नाही, म्हणून तो रोज नव्याने करायचा.

दलघमी, दलघफू, दशलक्ष लिटर हे आणखी काय आहे?

पाणी एकच आहे. महाराष्ट्रात ते चार भाषांत सांगितलं जातं.

सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूर इथे टीएमसी चालतं. मराठवाड्यात दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. नाशिक-नगरकडे दलघफू, म्हणजे दशलक्ष घनफूट. मुंबईत दशलक्ष लिटर.

नाशिकच्या गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दलघफू सांगतात. हजाराने भागलं की ५.६३ टीएमसी. भंडारदरा ११,०३९ दलघफू, म्हणजे अकरा टीएमसी. हे सोपं, कारण दोन्ही मापं घनफुटाचीच आहेत.

दलघमीचं टीएमसी करायचं तर २८.३२ ने भागायचं. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी, म्हणजे ७६.७ टीएमसी. मृतसाठ्यासकट (सर्वांत खालच्या दरवाजाच्याही खाली राहणारं पाणी धरून) एकूण २,९०९ दलघमी, म्हणजे १०२.७ टीएमसी. कोयना आणि जायकवाडी जवळपास तोलामोलाची आहेत हे आकडे एका मापात आणल्याशिवाय कळत नाही. '२,९०९' आणि '१०५' शेजारी शेजारी छापले की वाचणाऱ्याला जायकवाडी समुद्राएवढी वाटते.

मुंबईच्या सात तलावांची एकूण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. आकडा बघून डोळे फिरतात. हजाराने भागा: १,४४७ दलघमी. त्याला २८.३२ ने भागा: ५१ टीएमसी. भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार आणि तुळशी या सातांत मिळून कोयनेच्या निम्म्याहून किंचित कमी पाणी मावतं.

आता धोक्याची जागा. 'दलघमी' आणि 'दलघफू' या शब्दांत फरक शेवटच्या अक्षराचा आहे, मापात फरक ३५ पटींचा. एक दलघमी म्हणजे ३५.३ दलघफू. छापताना, टाईप करताना, पुढे पाठवताना ते शेवटचं अक्षर सारखं बदललं जातं. आकडा वाचण्याआधी माप वाचा. शंका आली तर धरणाची क्षमता आठवा: गंगापूर धरणात ५,६३० दलघमी पाणी आहे असं कोणी सांगितलं, तर त्याचा अर्थ दोन जायकवाड्या नाशिकच्या उशाला बसल्या आहेत असा होतो.

एवढा घोळ कशाला? सगळ्यांनी एकच माप का वापरू नये?

हा प्रश्न मलाही बरीच वर्षं पडलेला आहे. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा. दुकानातून शेर, मण, पायली, अधोली गेल्याला दोन पिढ्या झाल्या. धरणातलं घनफूट मात्र हललं नाही.

एक कारण जुनं आहे. आपल्याकडचं आधुनिक पाटबंधाऱ्याचं काम इंग्रजी अमदानीत फूट-इंचात सुरू झालं. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ ला पुरं झालं. त्याचे आराखडे, कालव्यांची मापं, पाण्याच्या वह्या सगळ्या घनफुटात. सवय तिथून पुढे चालत आली.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कृष्णेच्या पाण्याची राज्याराज्यांतली वाटणीच टीएमसीत झाली आहे. बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यातलं २,०६० टीएमसी पाणी वाटलं: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८००. ज्या मापात हक्क लिहिला गेला ते माप सोडायला कोणीच तयार होत नाही. उजनीचं धरण मेट्रिक कायद्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९८० मध्ये पूर्ण झालं, तरी त्याचं पाणी टीएमसीत मोजतात. उजनी भीमेवर आहे आणि भीमा कृष्णेच्या खोऱ्यातली. गोदावरीवरच्या जायकवाडीला ते बंधन नव्हतं.

ही सवय निव्वळ सवय राहत नाही, तिच्यावरून गैरसमज होतात. जायकवाडीत पाणी कमी असलं तर वरच्या धरणांतून ते खाली सोडावं, ही तरतूद महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यातून आली. २०२३ च्या दुष्काळी वर्षात ८.६०३ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. हेच पाणी नाशिक-नगरच्या मापात ८,६०३ दलघफू होतं आणि मराठवाड्याच्या मापात २४४ दलघमी. एकाला वाटतं 'आमचं साडेआठ हजार नेलं', दुसऱ्याला वाटतं 'आम्हाला अडीचशेसुद्धा दिलं नाही'. वाटेत नदीपात्रात मुरणारं आणि बाष्प होणारं पाणी हा खरा वादाचा मुद्दा आहे आणि तो व्हायलाच हवा. पण तो एका मापात बोलून व्हावा. निदान सरकारी पत्रकात तरी दोन्ही मापं शेजारी शेजारी छापावीत, यासाठी एक ओळ पुरेल.

क्युमेक म्हणजे काय? क्युसेकच का?

नाही. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे ३५.३ क्युसेक.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला, 'विसर्ग १,२०० क्युमेक'. कोणी लिहिला ठाऊक नाही. शेजारचे काका तो मोठ्याने वाचत होते आणि त्यांनी वाचलं 'बाराशे क्युसेक'. बाराशे म्हणजे काहीच नाही, वीजगृहातून त्याहून जास्त येतं, असं म्हणून त्यांनी गोठ्यातली दोन म्हशी आणि एक रेडकू तसंच ठेवलं. मी तो मेसेज परत मागून घेतला, कागदावर १,२०० गुणिले ३५ केलं आणि त्यांच्यापुढे धरलं: ४२ हजार. काका काही बोलले नाहीत, उठले आणि दावं सोडायला गेले. जनावरं वरच्या आळीत पोचली. पहाटे गोठ्यात कमरेइतकं पाणी होतं.

त्या दिवसापासून मी कोणालाही आकडा सांगताना माप पूर्ण उच्चारतो, 'घनफूट सेकंदाला' किंवा 'घनमीटर सेकंदाला'. लांबलचक वाटतं, पण कानाची चूक होत नाही.

उजनी 'उणे पन्नास टक्के' कशी असते? धरणात शून्याखाली पाणी कसं?

टक्केवारी एकूण पाण्याची नसते, उपयुक्त साठ्याची असते.

धरणाच्या सर्वांत खालच्या दरवाजाच्या पातळीपेक्षा खाली जे पाणी राहतं, तो मृतसाठा. उजनीत तो फार मोठा आहे: ६३.६६ टीएमसी. त्यावरचं उपयुक्त पाणी ५३.५७ टीएमसी. म्हणजे 'शून्य टक्के' म्हटल्यावरही आत जवळपास ६४ टीएमसी असतं. उणे ५० टक्के म्हणजे उपयुक्त साठ्याच्या निम्मं, २६.८ टीएमसी, मृतसाठ्यातून उपसलं गेलं. तरीही ३६.९ टीएमसी शिल्लक उरलं. हे गंगापूर धरणाच्या सहापटीहून जास्त आहे.

याचा अर्थ काळजी नको असा नाही. मृतसाठ्यात गाळही धरलेला असतो, आणि ते पाणी उचलायला जास्तीचे पंप, दुबार-तिबार उपसा लागतो. काठावरच्या शेतकऱ्याला मोटर आणि पाइप रोज पुढे पुढे न्यावे लागतात. पण 'उणे' शब्द ऐकून धरण कोरडं पडलं असं समजू नये. तसंच उजनी १११ टक्के भरली म्हणजे आकडा चुकला असंही नाही. क्षमतेच्या वर आणखी थोडं पाणी धरता येतं, तेव्हा एकूण साठा १२३ टीएमसीपर्यंत जातो.

आयर्विन पुलापाशी पाणी ४० फूट आहे. म्हणजे किती क्युसेक?

हा फूट उंचीचा, घनफुटाशी त्याचा थेट संबंध नाही. पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलं ते तो सांगतो. सांगलीत आयर्विन पुलाला ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोका पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. २०१९ मध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांवर गेलं होतं.

तेवढंच क्युसेक पाणी एकदा ३८ फुटांवर राहतं, एकदा ४२ वर जातं. खालून वारणा, पंचगंगा फुगलेल्या असतील तर कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही आणि पातळी चढते. म्हणून फुटाचं क्युसेक करणारं गुणोत्तर मागू नका, ते कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

धरणाच्या पातळीचंही असंच. कोयनेची पूर्ण पातळी २,१६३ फूट ६ इंच म्हणतात, ती समुद्रसपाटीपासून मोजलेली. धरणाची स्वतःची उंची १०३ मीटर, म्हणजे ३४० फुटांच्या आत. आणि जलाशय हा कढईसारखा, वर पसरट: वरच्या एका फुटात जितकं पाणी बसतं तितकं तळाच्या एका फुटात कधीच बसत नाही.

एक टीएमसी पाणी किती लोकांना वर्षभर पुरतं?

माणशी दिवसाला १३५ लिटर या शहरी निकषाने पावणेसहा लाख लोकांना. ग्रामीण नळयोजनेच्या ५५ लिटरच्या निकषाने चौदा लाखांना. गळती धरलेली नाही, आणि आपल्या शहरांत ती भरपूर असते.

जुन्या कागदात गॅलन आहे. त्याचं काय करू?

आपल्याकडचा जुना कागद असेल तर तो ब्रिटिश गॅलन, ४.५४६ लिटरचा. अमेरिकेतला गॅलन लहान, ३.७८५ लिटरचा. एका घनफुटात ब्रिटिश सव्वासहा गॅलन, अमेरिकी साडेसात. परदेशी पंपाच्या पत्रकावर गॅलन दिसला तर कुठला ते आधी विचारा.

पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात. माझ्या रानात किती लिटर पडला?

मेट्रिक मापाची खरी गोडी इथे कळते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. ना गुणायचं, ना भागायचं. एका गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर, एका एकरावर ४,०४७ लिटर. रात्रीत ५० मिलिमीटर झाला तर एकरावर दोन लाख लिटर पडले. घराच्या शंभर चौरस मीटर स्लॅबवर त्याच रात्री पाच हजार लिटर. हजार लिटरच्या पाच टाक्या पन्हळीतून गटारात गेल्या, हे माझ्या आईला मी असं मोजून दाखवलं तेव्हा तिने दुसऱ्याच दिवशी पन्हळीखाली पिंप लावायला लावलं.

कालव्याच्या पाळीत मला एक क्युसेक पाणी तीन तास मिळतं. रान भिजेल का?

इथे घनफुटाची बाजू मला घ्यावीच लागते, कारण एक सुंदर योग जुळून येतो. एक क्युसेक पाणी एक तास चाललं की ३,६०० घनफूट होतं. एका एकरावर एक इंच पाणी उभं करायला ३,६३० घनफूट लागतं. म्हणजे एक क्युसेक, एक तास, एक एकर, एक इंच. तीन तासांत एकरावर तीन इंच, किंवा दीड एकरावर दोन. चारीत मुरणारं पाणी यातून वजा करा. मातीची चारी लांब असेल तर ते थोडं नसतं.

शेततळ्यात किती पाणी मावतं? ३० × ३० × ३ मीटर म्हणजे २,७०० घनमीटर ना?

नाही, कारण तळ्याच्या बाजू उभ्या नसतात. वर ३० मीटर असलं आणि उतार एकास एक ठेवला, तर तीन मीटर खाली तळ २४ मीटरचा उरतो. वरचं क्षेत्र ९००, तळाचं ५७६, आणि या दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ७२०. तिघांची बेरीज करा, खोलीने गुणा, तीनने भागा: २,१९६ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, तेव्हा जवळपास २२ लाख लिटर. २७ लाख धरून ठिबकचं नियोजन केलं तर पाच लाख लिटर उन्हाळ्यात कमी पडतात, आणि ते नेमके शेवटच्या पाण्याला.

गोल विहिरीचं सोपं आहे. व्यास २० फूट, पाणी १० फूट: त्रिज्या दहा, दहा गुणिले दहा गुणिले ३.१४, म्हणजे ३१४ चौरस फूट. गुणिले दहा फूट पाणी, ३,१४० घनफूट. त्याला २८.३ ने गुणलं की ८९ हजार लिटर. मात्र सगळी मापं एक तर फुटात घ्या, नाही तर मीटरमध्ये. व्यास फुटात आणि खोली मीटरमध्ये घेऊन आलेली उत्तरं मी बऱ्याच वह्यांत पाहिली आहेत.

आणि तुमचं ते २२ लाख लिटरचं शेततळं भरायला एक क्युसेक पाण्याला साडेएकवीस तास लागतील. पाळी रात्री बसली तर दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत जागं राहायची तयारी ठेवा.